तेराव्या पानावरच्या पायऱ्या

पहिली चूक मला तेराव्या पानावर सापडली, आणि खरं सांगते, मला आनंद झाला.

१९८८ सालच्या डिसेंबरची सुरुवात होती. देवळाच्या मागच्या खोलीत मी सतरंजीवर फतकल मारून बसले होते. एका मांडीवर मिशनच्या काळातलं छापील गीतांचं पुस्तक, दुसरीवर एस्तेरबाईंची वही आणि हातात लाल पेन. देऊळ म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीचं. नगर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. तिथल्या गाणाऱ्या चौदा जणांना मात्र क्वायर म्हणायचं, इतकी इंग्रजी आम्ही चालवून घेत होतो.

छापील पुस्तकात पाच रेघांवर काळी टिंबं होती. ती एस्तेरबाईंशिवाय गावात कुणालाच वाचता येत नसत, म्हणून त्यांनी तीस वर्षांपूर्वी ती सगळी सारेगममध्ये उतरवून काढली होती. प्रत्येक गाण्याच्या चार ओळी, एकाखाली एक. पहिली ओळ बायकांची वरची, दुसरी बायकांची खालची, तिसरी पुरुषांची वरची, चौथी पुरुषांची खालची. चारही ओळी एकाच वेळी गायच्या, प्रत्येकीची चाल निराळी. मी दुसऱ्या ओळीत गायचे, वयाच्या नवव्या वर्षापासून.

तर तेरावं पान. छापील पुस्तकात दुसरी ओळ खालच्या प वरून थेट ग वर उडी घेत होती. बाईंच्या वहीत उडीच नव्हती. तिथं प, ध, सा आणि मग ग, अशा पायऱ्या होत्या. मी पुस्तक तपासलं, पुन्हा वही तपासली. बाईंचं चुकलं होतं, यात शंका नव्हती.

थोडं वाईटही वाटलं. त्या पायऱ्या माझ्या फार लाडक्या होत्या. नऊ वर्षांची असताना मी त्या चढून पहिल्यांदा ग वर पोचले, तेव्हा बाकीच्या तीन ओळी आधीच तिथं येऊन थांबल्या होत्या. माझा आवाज मला ऐकूच येईना, आणि तो नाही असंही वाटेना. मी घाबरून गायची थांबले. थांबल्यावर काहीतरी कमी झालं, ते मात्र मला स्पष्ट ऐकू आलं. चौघं मिळून गायल्यावर पाचवंच काहीतरी तयार होतं आणि ते कुणा एकाचं नसतं, हे कळलं त्या दिवसापासून मला दुसऱ्या कुठल्या संगीताची भूक राहिली नाही. पण आता मी पुण्याला तीन वर्षं काढली होती, तिथल्या मोठ्या क्वायरमध्ये उभी राहिले होते आणि पाश्चात्त्य संगीताची एक परीक्षाही पास झाले होते. शास्त्र म्हणजे शास्त्र. मी पायऱ्यांवर लाल काट मारली आणि वर छापील उडी लिहिली.

संध्याकाळपर्यंत मला एकतीस चुका सापडल्या.

वही माझ्याकडे कशी आली तेही सांगायला हवं. एस्तेरबाई भांबळ म्हणजे आमच्या क्वायरच्या सर्वेसर्वा. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, देवळामागच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या. मला पाच रेघा वाचायला त्यांनीच शिकवलं होतं, पुण्याला पाठवा म्हणून माझ्या वडिलांच्या मागेही त्याच लागल्या होत्या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पट्टी बांधून तीन आठवडे पडून राहायला सांगितलं. नेमकं त्याच वेळी रेडिओचं पत्र आलं: नाताळच्या कार्यक्रमासाठी तुमच्या मंडळींची तीन गाणी सतरा तारखेला देवळात येऊन ध्वनिमुद्रित करू. आमची क्वायर गावाबाहेर कुणी कधी ऐकली नव्हती. बाईंनी मला बोलावून कपाटाची किल्ली हातात दिली. "बिघडवू नकोस, सुवार्ता," एवढंच म्हणाल्या. मी मनातल्या मनात हसले. मी तर सुधारणार होते.

पत्रापाठोपाठ रेडिओचे एक साहेब जागा बघून गेले. त्यांनी एक गाणं ऐकलं, मान डोलावली आणि सांगितलं की पेटी नको. आमच्या पेटीचा भाता करकरत होता आणि माईक ते सगळं पकडणार होता. नुसत्या आवाजांत गा म्हणाले. मला तर हवंच होतं, पुण्यातही आम्ही तसंच गायचो.

बुधवारच्या तालमीला मी तीन सुधारणा जाहीर केल्या. पहिली अर्थातच लाल शाईची. दुसरी पट्टीची. बाई सगळी गाणी एकाच पट्टीत, काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून गाऊन घेत. पुस्तकात प्रत्येक गाण्याची पट्टी वेगळी होती, तेव्हा आता तसंच व्हायचं. तिसरी सुधारणा उभं राहण्याची. पुण्याच्या पद्धतीनं अर्धगोल करायचा आणि उंच माणसं मागं. त्यामुळे लाजरमामा पेटीजवळून हलून पार मागच्या भिंतीला गेले.

लाजर साळवे एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. आयुष्यभर इंजिनांच्या घरघरीत काढल्यामुळे एक कान गेलेला, दुसरा जायच्या बेतात. चौथ्या ओळीत ते आणि आणखी दोघं. ते कायम पेटीला खेटून उभे राहत आणि गाताना पेटीच्या लाकडावर उजव्या हाताचा पंजा ठेवत. आम्ही पोरी लहानपणी त्यावरून हसायचो, मामा पेटीला ताप आलाय का बघतात म्हणून.

"बाईंना इचारलंस का?" राहेलमावशींनी विचारलं. त्या पहिल्या ओळीच्या म्होरक्या. मी म्हटलं, त्यांच्या डोळ्याला पट्टी आहे, उगाच त्रास कशाला. मंडळी बिचारी गुणी, मी दाखवेन तसं म्हणायला लागली.

आणि सगळं ढासळलं. राहेलमावशींना दुसऱ्याच कडव्यात धाप लागली, कारण बाईंच्या वहीत जिथं दम घ्यायला जागा होती तिथं पुस्तकात जागाच नव्हती. तिसऱ्या ओळीतले दोघं एका वळणावर दरवेळी पडत. लाजरमामांचं तर विचारूच नका. चौथी ओळ सा वरून खाली उतरली, वर चढली, पुन्हा उतरली, पण मामा आपले सा वरच. दुसऱ्या गाण्यात पट्टी बदलली, तरी मामांचा सा जुन्याच जागी. मी त्यांना तीनदा थांबवून समजावलं. चौथ्यांदा त्यांनी तोंड मिटून घेतलं आणि शेवटपर्यंत उघडलं नाही.

तालीम संपल्यावर सगळे गेले तरी ते मागं थांबले. मी वही आवरत होते.

"एक सांग पोरी," ते म्हणाले, "चौथी वळ पुस्तकात अशीच चालती का? वर-खाली?"

"हो मामा. सगळीकडे तशीच असते."

"पुण्यात बी?"

"पुण्यात बी."

त्यांनी खिशातून रुमाल काढून हात पुसले. हात स्वच्छच होते.

"मला बाई म्हणल्या व्हत्या, चौथ्या वळीचं काम एका जागी उभं राहायचं. म्या सत्तावीस वर्सं उभा राह्यलो." मग म्हणाले, "सतरा तारखेला मी येत नाय. डेपोत काम हाय."

मी पटकन "बरं मामा" म्हटलं. इतकं पटकन की आज छत्तीस वर्षांनी ते आठवलं तरी मान खाली जाते. मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

शनिवारची तालीम मामांशिवाय झाली. आता सगळं नीट व्हायला हवं होतं. एकच सूर धरून बसणारा माणूस गेला, मंडळींना चार दिवस सरावाला मिळाले आणि पेटीही बंद. तिन्ही गाणी एकदम शुद्ध, पुस्तकाबरहुकूम. शेवटचं गाणं संपल्यावर मी सहज पेटीवर सा दाबून पाहिला. आम्ही जवळजवळ अर्ध्या सुरानं खाली आलो होतो. एका गाण्यात. पुन्हा गायलो, पुन्हा घसरलो. तिसऱ्यांदा मी सगळ्यांना डोळे वटारून गायला लावलं, तेव्हा तर आणखी घसरलो. आधी असं कधी झालं नव्हतं. झालं नव्हतं म्हणजे मी तपासलं नव्हतं, पण झालं असतं तर कळलं असतंच.

मंडळी गेल्यावर मी वही घेऊन बसले. मला आता राग नव्हता, फक्त कोडं पडलं होतं. चौदातली तेरा माणसं एकाच वेळी कशी घसरतात? आणि तेव्हा, पहिल्यांदाच, मी माझ्या लाल शाईच्या आजूबाजूला नीट पाहिलं. प्रत्येक ठिकाणी कडेला पेन्सिलीनं अगदी बारीक काहीतरी लिहिलेलं होतं. दिवस, महिना, साल. मी ते आधीही पाहिलं असणार, पण पानं उतरवून काढल्याच्या तारखा म्हणून सोडून दिलं असणार. आता पाहिलं तर तारखा पानांना नव्हत्या. जिथं जिथं मला चूक सापडली होती, बरोबर तिथंच होत्या. जिथं चूक नव्हती तिथं तारीखही नव्हती. एकतीस चुका, एकतीस तारखा.

चुकणारा माणूस आपल्या चुकीची तारीख लिहून ठेवत नाही, एवढं मला कळत होतं.

रविवारी देवळातली भक्ती संपल्यावर मी बाईंकडे गेले. खोलीत पडदे ओढलेले, बाई पाठीवर उताण्या, डोळ्यावर पांढरी पट्टी. पावलांवरूनच त्यांनी मला ओळखलं.

"लाजर येतोय ना तालमीला?" हा त्यांचा पहिला प्रश्न. गाणी कुठवर आली, रेडिओचं काय झालं, यातलं काहीच नाही.

मी सगळं सांगितलं. लाल शाई, पट्टी, अर्धगोल, मामांचं जाणं. एकतीस हा आकडा सांगताना आवाज जरा बारीक झाला. उशीजवळची पाण्याची वाटी त्यांनी चाचपली, मी ती हातात दिली, तरी त्या प्यायल्या नाहीत. मग मी तारखांचं विचारलं.

"कपाटाच्या खालच्या कप्प्यात हजेरीची पुस्तकं आहेत," त्या म्हणाल्या. "जुनी सगळी आहेत. तिथं बघ, म्हणजे मला बोलावं लागणार नाही."

मी तशीच देवळात गेले. हजेरीची अकरा पुस्तकं निघाली, दोऱ्यानं बांधलेली. चौथ्या ओळीतल्या बहुतेक चुकांना एकच तारीख होती: ४ जून १९६१. हजेरीत त्या रविवारी बाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: लाजर साळवे, नवा. राहेलमावशींच्या दम घ्यायच्या जागा ७ सप्टेंबर १९६९ च्या. हजेरीत: राहेल, दवाखान्यातून चार महिन्यांनी परत. तिसऱ्या ओळीतलं वळण ज्या दिवशी सोपं झालं त्या दिवशी तिथं उभं राहणारा एक जण गाव सोडून गेला होता आणि उरलेल्यांचा आवाज तिथवर पोचत नसणार. मी आणखी दोन-तीन तारखा जुळवल्या आणि पुस्तक मिटलं. पुढचं बघायची गरज नव्हती. वहीत एकही चूक नव्हती. बाईंनी पुस्तकातली गाणी नुसती उतरवली नव्हती. समोर जी माणसं उभी होती त्यांच्या मापानं ती पुन्हा बेतली होती, आणि माणूस बदलला की पुन्हा उसवून शिवली होती. सगळी गाणी काळी दोनमध्ये का, तर लाजरमामांचा सा तिथं होता म्हणून.

मी सायकल काढली आणि थेट डेपो गाठला.

मामा एका गाडीखाली आडवे होते. बूट ओळखून मी हाक मारली. कान धड नाहीत, त्यामुळे मला गाडीच्या पत्र्यावर थापा माराव्या लागल्या. ते सरपटत बाहेर आले आणि तसेच जमिनीवर बसले. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसून त्यांच्या चांगल्या कानात सगळं सांगितलं: बाईंचं चुकलं नव्हतं, चूक माझी होती, बाईंनी चौथी ओळ तुमच्यासाठी लिहिली. मला वाटलं, ते खूश होतील.

त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजे सगळ्यांना ठावं व्हतं," ते म्हणाले. "साळव्याला एकच सूर येतो. त्याच्यापायी सगळ्यांची गाणी मोडलीत. सत्तावीस वर्सं माझी कीव करीत व्हते."

मी म्हटलं, तसं नाही मामा. ते पुन्हा गाडीखाली गेले.

संध्याकाळी मी बाईंसमोर बसून रडले. बाईंनी रडू दिलं. मग विचारलं, त्याला काय सांगितलंस. मी म्हटलं, खरं ते.

"बरं केलंस. त्याला खोटं सांगून परत आणलं असतंस तर कळल्यावर तो पुन्हा कधी आला नसता आणि मलाही त्याला तोंड दाखवता आलं नसतं." "कीव करायची असती तर मी त्याला मागच्या भिंतीला उभं केलं असतं आणि हळू गा म्हटलं असतं. पुष्कळ जण तसंच करतात."

मागच्या भिंतीला कुणी उभं केलं होतं ते आम्हा दोघींना माहीत होतं.

"त्याचा सा हलत नाही, सुवार्ता. ऐकू येत नाही म्हणून हलत नाही. तुम्ही सगळे एकमेकांचं ऐकता आणि एकमेकांबरोबर घसरता. तो लाकडावरून सूर घेतो आणि मग कुणाचं ऐकतच नाही. मी बाकीच्या तीन ओळी त्याच्यावर रचल्या. त्याच्यासाठी नाही, त्याच्यावर. तो नसला की काय होतं ते तू शनिवारी ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग मला काय सांगतेस? त्याला ऐकव."

ज्याला ऐकू येत नाही त्याला ऐकवायचं कसं, हा प्रश्न मी दोन दिवस डोक्यात घेऊन हिंडले. शेवटी राहेलमावशी डेपोत गेल्या. त्या मामांच्या लांबच्या नात्यातल्या, त्यांना नाही म्हणायची मामांची छाती नव्हती. गायचं नाही, नुसतं येऊन बसायचं, या बोलीवर बुधवारी मामा आले आणि दाराजवळच्या बाकावर चप्पल न काढता बसले.

मी मंडळींची माफी मागितली आणि वहीतलं लाल शाईखालचं जुनंच गायचं म्हटलं. अर्धगोल मोडला. पेटी मधोमध होती, तिच्याजवळची जागा मोकळी. मी मामांना खूण करून बोलावलं आणि त्यांचा पंजा पेटीवर ठेवायला लावला. गायचं नाही, फक्त हात. मग सा दाबला, सोडला, आणि आम्ही पेटीशिवाय, चौथ्या ओळीतल्या उरलेल्या दोघांना घेऊन, तेराव्या पानावरचं गाणं पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हटलं. माझी पायऱ्यांवरची काट तेवढी तशीच होती. माझ्या ओळीचं काय, मला वाटलं, मी म्हणेन कसंही; गाताना गळा जुन्या सवयीनं पायऱ्याच चढत आला होता, हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

शेवटचा सूर आम्ही लांबवून धरला आणि मी हळूच पेटीचा सा दाबला. दोन सूर एकमेकांवर घासले. कानाला नुसतं वाईट लागलं, पण मामांनी हातच उचलला, चटका बसावा तसा. पेटीच्या लाकडात ती थरथर उतरली होती.

"खाली आलं," ते म्हणाले.

"दरवेळी येतं मामा. तुम्ही गेल्यापासून."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग पेटीकडे, मग स्वतःच्या पंजाकडे. ते दाराकडे निघाले. दाराशी जाऊन त्यांनी चपला काढल्या, भिंतीशी नीट जोडून ठेवल्या आणि परत येऊन पेटीला खेटून उभे राहिले.

"घ्या पुन्हा," म्हणाले.

त्या वेळी मी मामांचा सा जन्मात पहिल्यांदा ऐकला. बारा वर्षं त्याच्यावर उभी होते, ऐकला नव्हता. तो गोड नव्हता. जरा खरखरीत, जाड, सपाट. पण त्याच्यावर पाऊल टाकलं की पाऊल टिकत होतं. शेवटी पेटीचा सा दाबला, तर तो आमच्या आवाजात असा मिसळला की दाबलाय की नाही ते भात्याकडे बघूनच कळावं.

सतरा तारखेला रेडिओची मंडळी आली, तारा पसरल्या, पंखे बंद केले. सुरू करण्याआधी मामांनी पेटीवर हात ठेवला, मी एकदा सा दिला आणि साहेबांच्या सांगण्यावरून पेटी बाहेर नेली. तिन्ही गाणी एका दमात झाली. साहेबांनी कानांवरचं यंत्र काढलं आणि विचारलं की तुम्ही मधे-मधे चोरून पेटी लावत नव्हतात ना. राहेलमावशी एवढ्या हसल्या की त्यांना पुन्हा धाप लागली.

कार्यक्रम नाताळच्या आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला होता. तोवर बाईंची पट्टी सुटली होती आणि जाड भिंगांचा चष्मा आला होता. बाईंच्या दोन खोल्यांत आम्ही चौदा जण कोंबून बसलो. मामांनी रेडिओच्या लाकडी पेटीवर पंजा ठेवला आणि डोळे मिटून घेतले. तीन गाणी संपेपर्यंत त्यांनी तो उचलला नाही. संपल्यावर म्हणाले, "हललो नाय." बाई म्हणाल्या, "नाहीच हललास." सत्तावीस वर्षांत दोघं त्या सा विषयी बोलले असतील तर एवढंच.

करंज्या खाऊन मंडळी पांगली. मी भांडी आवरत होते, तेव्हा बाईंनी वही मागितली. नव्या चष्म्यातून त्या एकेक पान जवळ धरून बघू लागल्या. माझी लाल शाई बघून रागावल्या नाहीत. त्यांना ती मजेची वाटत असावी, एकदा तर "हे बरोबर पकडलंस" असंही म्हणाल्या. तेराव्या पानावर मात्र थांबल्या.

"हे खोडलंस?"

मी म्हटलं, ती पहिलीच सापडली होती.

"तारीख बघितलीस?"

तिथं तारीख आहे एवढं पाहिलं होतं, कोणती ते वाचलं नव्हतं. चौथ्या, पहिल्या आणि तिसऱ्या ओळीच्या जुळवल्या, मग डेपो गाठायची घाई झाली. बाईंनी वही माझ्यापुढे धरली. माझ्या लाल काटेच्या कडेला बारीक पेन्सिलीनं लिहिलं होतं: ११ जुलै १९७६. ती तारीख ओळखायला मला हजेरीचं पुस्तक लागत नव्हतं. आईनं मला नवा फ्रॉक घालून देवळाच्या मागच्या खोलीत आणून सोडलं होतं, तो रविवार मला पाठ होता.

ज्या पायऱ्या चढून मी या गाण्यात शिरले, ज्यांच्यामुळे पुण्याला गेले, परीक्षा दिली आणि लाल पेन हातात धरण्याइतकी शहाणी झाले, त्या कुठल्याच पुस्तकात नव्हत्या. नऊ वर्षांच्या एका मुलीला उडी जमत नव्हती म्हणून बाईंनी त्या तिच्यासाठी बांधल्या होत्या. आणि मला कळूही दिलं नव्हतं, मामांना दिलं नव्हतं तसंच.

"मला वाटलं होतं, मोठी झाली की मारेल उडी, मग पुसून टाकू," बाई म्हणाल्या. "मग विसरले. म्हण बघू आता छापील. प वरून ग."

मी उभी राहिले. एकवीस वर्षांची, परीक्षा पास झालेली, रेडिओवर गाऊन आलेली. खालचा प धरला, श्वास घेतला आणि उडी मारली. आवाज मधेच फुटला आणि कुठल्या कुठे जाऊन पडला. अगदी नऊ वर्षांच्या मुलीसारखा.

बाई चष्मा काढून डोळे पुसत हसल्या. डॉक्टरांनी डोळे पुसू नका म्हणून बजावलं होतं. मग त्यांनी उशाखालून पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. मी लाल काटेच्या वर पुन्हा प, ध, सा, ग लिहिलं आणि कडेला त्या दिवसाची तारीख टाकली.

आज मी जे काही रचते ते गाणाऱ्यांच्या घोळक्यांसाठीच रचते, आणि आधी विचारते, कोण कोण येणार आहे, कुणाला काय जमत नाही. दुसऱ्या ओळीत कुठेतरी पायऱ्या असतात. ती माझी लकब आहे असं जाणकार सांगतात, आणि मी त्यांना तसं म्हणू देते. ती उडी मला अजून येत नाही.